एकदा रोग होऊन गेला, आता लस कशाला?

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ लंगडत दवाखान्यात आले. वय अठ्ठावन्न, मधुमेह पंधरा वर्षांचा, साखर कधी आटोक्यात तर कधी नाही. घराच्या दुरुस्तीच्या कामात पायात खिळा घुसला होता. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टर, लोखंड लागलंय. टीटीचं इंजेक्शन मारून द्या."

मी विचारलं, "याआधी कधी घेतलं होतं?"

"मागच्या वर्षी. आणि त्याच्या आधी दोनदा. पण सहा महिने होऊन गेले ना."

"बरं. आणि फ्लूची लस? न्यूमोनियाची?"

ते हसले. "त्या लहान मुलांच्या ना? आमचं लहानपणी झालंय की सगळं!"

जखम धुतली, मधुमेही पाय म्हणून नीट तपासली, पट्टी बांधली आणि टीटी न देता त्यांना परत पाठवलं. ते नाराज झाले. पुढच्या गल्लीत जाऊन त्यांनी ते टोचून घेतलं असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. एकीकडे तीन-चार वर्षांत तीन-तीन टीटी, दुसरीकडे ज्या लसींची त्यांना खरी गरज आहे त्यांतली एकही नाही. हा एका माणसाचा प्रश्न असता तर मी लिहायला बसलो नसतो. माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीपुढच्या बहुतेक रुग्णांची हीच कथा आहे. त्यांची ही समजूत घडवण्यात आम्हा डॉक्टरांचा हात मोठा आहे, तेही पुढे सांगतो.

आधी गंज. धनुर्वात लोखंडाने होत नाही आणि गंजानेही होत नाही. त्याचे जंतू बीजाणूंच्या रूपात माती, शेण, धूळ यांत वर्षानुवर्षं पडून असतात. खिळा खोल जातो, आतल्या बंद जागेत प्राणवायू पोचत नाही आणि तिथे हे जंतू वाढतात, म्हणून खिळा बदनाम झाला. बाभळीचा काटा, बांबूची चीप, कुत्रं चावल्याची जखम, इतकंच काय, मळलेल्या हाताने कोरलेला कान, यांतूनही धनुर्वात होऊ शकतो. आणि दर सहा महिन्यांचा नियम? तो कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात नाही. ज्याचे सुरुवातीचे डोस पूर्ण झाले आहेत त्याला दर दहा वर्षांनी एक डोस पुरतो. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटून गेली असतील, तर एक जादा डोस द्यायचा. बस. त्याहून अधिक वेळा घेतलं तर संरक्षण वाढत नाही, दंड मात्र कोपरापर्यंत सुजतो. रक्तात आधीच भरपूर अँटिबॉडी असतात आणि त्या नव्याने टोचलेल्या औषधाशी तिथल्या तिथे झगडतात, म्हणून ती सूज.

आता मूळ मुद्दा. "एकदा होऊन गेला, आता लस कशाला" आणि त्याचा जुळा भाऊ, "नैसर्गिक प्रतिकारशक्तीच खरी, लस नकली." ही दोन वाक्यं मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो. शिकलेल्यांकडून जास्त.

वॉर्डातली अंधारी खोली

मी एम. डी. करत होतो तेव्हा, नव्वदच्या दशकात, सरकारी रुग्णालयात धनुर्वाताची वेगळी खोली असायची. खिडक्यांना काळे पडदे, दाराला कापड गुंडाळलेलं, कारण दार आपटलं तरी रुग्णाला झटका यायचा. चाळिशीतला एक शेतकरी तिथे होता. खुरपणी करताना पायाला खुरपं लागलं होतं, जखम एवढीशी, त्यावर हळद लावून तो आठ दिवस कामच करत होता. मग जबडा उघडेना. आणला तेव्हा पाठ कमानीसारखी ताठ होत होती. या रोगाला धनुर्वात का म्हणतात हे पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी पाहिलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रुग्ण शुद्धीवर असतो. त्याला सगळं कळत असतं.

घशात छिद्र पाडून नळी, कृत्रिम श्वास, झोपेची औषधं. पाच आठवड्यांनी तो वाचला. घरी जायच्या दिवशी त्याची बायको आम्हा सगळ्यांच्या पाया पडली. मी डिस्चार्ज कार्ड लिहिलं. त्यावर जखमेची काळजी लिहिली, व्यायाम लिहिला, तारीख लिहिली. धनुर्वाताची लस लिहिली नाही. त्यानेच जाता जाता विचारलं होतं, "सायेब, आता हे पुन्हा नाही ना व्हायचं?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "नाही. एकदा होऊन गेलंय ना."

हे धादांत चूक होतं. चार दिवसांनी राउंडला आमच्या सरांनी विचारलं, लस दिली का, तेव्हा मला घाम फुटला. धनुर्वात होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा धनुर्वात होऊ शकतो. होऊन गेलेल्या रोगाने त्याला कणभरही संरक्षण मिळालेलं नसतं. कार्डावरच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. तो माणूस नंतर लस घ्यायला गेला का, हे मला आजतागायत माहीत नाही.

असं का होतं ते समजून घ्या, कारण "नैसर्गिक तेच उत्तम" या युक्तिवादाचा कणा इथेच मोडतो. धनुर्वाताचं विष इतकं जहाल आहे की साठ किलोच्या माणसाला मारायला दीडशे नॅनोग्रॅमच्या आसपास पुरतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्याशा विषाने शरीराचे स्नायू पिळवटून निघतात, पण रोगप्रतिकार यंत्रणेच्या ते नजरेतही भरत नाही. आठवण राहण्याइतका ऐवजच तिच्या हाती लागत नाही. लशीत तेच विष फॉर्मेलिनने निष्प्रभ केलेलं असतं. त्याचा आकार तोच, दात काढलेले. म्हणून ते कितीतरी अधिक मात्रेत देता येतं, आणि सोबत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, जो यंत्रणेला हाका मारून गोळा करतो. इथे निसर्ग नापास होतो आणि तुम्ही ज्याला नकली म्हणता ती लस पास होते.

आठवण कुठे राहते

रोगप्रतिकारशक्ती हा शब्द आपण पोत्यातल्या धान्यासारखा वापरतो. कमी झाली, वाढवली, काढा प्यालो, भरली. प्रत्यक्षात तिच्यात किमान दोन वेगळी खाती आहेत. एक जन्मजात. ते गल्लीतल्या कुत्र्यांसारखं, कुणीही अनोळखी दिसला की भुंकतं, धावून जातं. उपयोगी आहे, पण काल कुणावर भुंकलो हे त्याला आज फारसं आठवत नाही. दुसरं खातं शिकणारं. त्याची तुलना मी जुन्या शिंप्याशी करतो. पहिल्यांदा गेलात की माप घेणार, कापणार, ट्रायल होणार, उसवणार, पुन्हा शिवणार. दोन आठवडे. पण तुमचं माप त्याच्या वहीत राहतं. पुढच्या वेळी तीन-चार दिवसांत कपडा तयार, आणि तो पहिल्यापेक्षा अंगाला चांगला बसतो.

शरीरात हे अक्षरशः असंच चालतं. लशीतला पदार्थ दंडातल्या काही पेशी उचलतात आणि काखेतल्या लसिका ग्रंथीत नेतात. तिथे लाखो बी पेशी असतात, प्रत्येकीची पकड वेगळी. ज्या मोजक्या पेशींची पकड या पदार्थावर थोडीफार बसते त्यांना टी पेशी परवानगी देतात, आणि मग त्या वाढू लागतात. वाढताना त्यांच्या पकडीत मुद्दाम बारीक बदल होतात. जिची पकड घट्ट ती टिकते, ढिली ती मरते. काही आठवड्यांच्या या छाननीतून दोन प्रकारच्या पेशी उरतात. एक हाडांच्या मगजात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं अँटिबॉडी गाळत राहते. दुसरी, स्मृतिपेशी, रक्तात आणि ग्रंथींत गप्प फिरत राहते, शिंप्याच्या वहीसारखी.

ही आठवण किती टिकते? 1846 साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली. आठ हजारांच्या आत लोकवस्ती, त्यातले जवळजवळ सहा हजार आजारी पडले. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला आणि त्याने घरोघर चौकशी केली. त्याआधीची साथ 1781 सालची. म्हणजे मधली 65 वर्षं बेटांवर गोवर नव्हता. त्या जुन्या साथीतून वाचलेली म्हातारी माणसं अजून हयात होती, आणि त्यांच्यातल्या एकालाही या वेळी गोवर झाला नाही. मध्ये पुन्हा गाठभेट न होता 65 वर्षं टिकलेली आठवण!

मला ठाऊक आहे, इथे नैसर्गिकवाले मित्र टाळ्या वाजवतील. "बघा, होऊन गेलेला गोवर जन्मभर पुरतो." पुरतो, खरं आहे. मात्र हे वाचलेल्यांचं सांगणं आहे. जे गेले त्यांना विचारायची सोय पानुमकडे नव्हती. आणि गोवर नुसता येऊन जात नाही, तो जाताना वही फाडून जातो. हे 2019 साली स्पष्ट झालं. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासलं, तेव्हा इतर रोगांविरुद्धच्या त्यांच्या अँटिबॉडींच्या संचातला 11 ते 73 टक्के भाग नाहीसा झालेला आढळला. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींमध्येच शिरतो आणि त्यांना मारतो. म्हणजे पोराने पाच वर्षांत सर्दी-न्यूमोनिया-जुलाब सोसून जे कमावलं होतं, ते गोवराने पुसलं. गोवराच्या लशीने हे होत नाही. "गोवर अंगावर निघू दे, उष्णता बाहेर पडते" म्हणणाऱ्या आजीला हे कसं समजावायचं माहीत नाही, पण आईला समजावता येतं. गोवरानंतर मूल वर्ष-दोन वर्ष सारखं आजारी का पडत होतं, हे तिने स्वतः पाहिलेलं असतं.

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमधून गोवराची साथ पसरली, मालेगाव-भिवंडीकडेही रुग्ण सापडले, आणि मुलं दगावली. कोविडच्या काळात अनेक मुलांचे डोस हुकले होते, आणि गोवर तर सगळ्यात संसर्गजन्य रोगांपैकी एक. एका रुग्णापासून, कुणीच सुरक्षित नसेल तर, बारा ते अठरा जणांना होतो. म्हणून शंभरातल्या पंचाण्णवांना दोन्ही डोस मिळावे लागतात. नव्वद पुरत नाहीत. हे अंक लक्षात ठेवा आणि मग "माझ्या एकट्या मुलाने नाही घेतली तर काय बिघडतं" हा प्रश्न स्वतःला विचारा.

नऊ महिने का, दोनदा का, चोवीस तास का

आईबाप मला वेळापत्रकाबद्दल विचारतात तेव्हा बरं वाटतं, कारण त्यातल्या प्रत्येक तारखेमागे कारण आहे.

गोवराची लस नऊ महिन्यांना का? जन्मल्या बाळाच्या रक्तात आईच्या अँटिबॉडी असतात, नाळेतून आलेल्या. त्या बाळाला राखतात, पण लशीतला दुबळा विषाणूही मारून टाकतात आणि बाळाचं स्वतःचं शिक्षण होऊ देत नाहीत. त्या उधारीच्या अँटिबॉडी ओसरेपर्यंत थांबायचं. फार थांबलं तर रोग आधी गाठतो. आपल्याकडे रोग जास्त, म्हणून नऊ महिने. त्या वयात शंभरांतल्या साधारण पंधरा मुलांमध्ये लस रुजत नाही. त्यासाठी दीड वर्षाच्या सुमाराचा दुसरा डोस. त्याला लोक बूस्टर म्हणतात, पण तो पहिल्यांदा नापास झालेल्यांची फेरपरीक्षा आहे. कोण नापास झालं ते बाहेरून कळत नाही, म्हणून सगळ्यांना बसवायचं.

बी प्रकारच्या काविळीची लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत का? मोठ्या माणसाला ही कावीळ झाली तर शंभरातल्या पाचांपेक्षा कमी जणांत ती कायमची ठाण मांडते. बाळाला जन्मताना आईकडून लागली तर शंभरातल्या नव्वद जणांत. आणि पुढे पस्तीस-चाळिशीत लिव्हरचा सिरोसिस, कॅन्सर. मी असे तरुण पाहिले आहेत. दारूचा थेंब न घेतलेले. पोटात पाणी झालेले. नवजात बाळाची यंत्रणा या विषाणूला घरचाच समजते, म्हणून. एका दिवसाचा उशीर किती महाग पडू शकतो हे सांगायला याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

याच लशीबद्दल रुग्णांचा एक नेहमीचा गोंधळ. दहा वर्षांनी रक्त तपासलं, अँटिबॉडी शून्याजवळ, "डॉक्टर, लस उतरली!" निरोगी माणसात सहसा नाही उतरत. अँटिबॉडी संपल्या, वही शिल्लक आहे. बी काविळीचा विषाणू अंगात शिरल्यापासून आजार दिसायला दोन-तीन महिने लागतात. स्मृतिपेशींना जागं व्हायला चार-पाच दिवस. शर्यत कोण जिंकणार उघड आहे. मात्र धनुर्वात आणि घटसर्प यांचं तसं नाही. त्यांचं विष थोड्या दिवसांत पेशींत शिरतं, आणि एकदा शिरलं की अँटिबॉडी तिथे पोचत नाहीत. वही चाळायला वेळच नसतो. तिथे कपडा शिवून तयारच हवा, म्हणून दर दहा वर्षांनी डोस. लस किती वर्षं पुरेल हे आठवणीइतकंच रोगाच्या वेगावरही ठरतं. हे कळलं की "या लशीला बूस्टर का आणि त्या लशीला का नाही, कंपन्यांचा धंदा आहे सगळा" हा प्रश्न बराचसा सुटतो. (कंपन्या धंदा करतात, हे मी नाकारत नाही. पाव विकणाराही धंदाच करतो.)

आणि मग सोळाव्या वर्षी आपण वही मिटतो

सरकारी वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीचा डोस आहे. टीडी म्हणजे धनुर्वात अधिक घटसर्प. जुन्या टीटीची जागा आता याने घेतली आहे. त्यानंतर? बाईला गरोदरपणात मिळतो. पुरुषाला खिळा लागेपर्यंत काहीच नाही. तिशी, चाळिशी, साठी, सगळी कोरी पानं.

याचा परिणाम काय होतो ते पूर्वीच्या सोव्हिएत देशांनी दाखवलं. मुलांमधला घटसर्प तिथे जवळपास संपला होता. 1990 च्या दशकात देश फुटला, लसीकरण विस्कळीत झालं आणि घटसर्प परतला. दीड लाखाहून अधिक रुग्ण आणि जवळपास पाच हजार मृत्यू. रुग्णांमध्ये मोठा वाटा प्रौढांचा होता. लहानपणी लस घेतलेले, पण नंतर अँटिबॉडी ओसरलेले, आणि रोगाशी गाठच न पडल्याने आठवण ताजी न झालेले लोक. "लहानपणी झालंय की सगळं" या वाक्याचं हे उत्तर.

दुसरं उत्तर नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की आपण म्हणतो, सुटलो. विषाणू जात नाही. तो मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये झोपून राहतो आणि टी पेशी त्याच्यावर पहारा देतात. साठीत पहारा ढिला पडतो, तो एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो आणि कमरेभोवती किंवा छातीवर एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो, असं आपल्याकडे म्हणतात. मज्जातंतूची हद्द शरीराच्या मध्यरेषेवर संपते, म्हणून ते सहसा जुळतच नाही. पण या भीतीपोटी लोक गेरू लावणाऱ्याकडे नाहीतर मंत्र टाकणाऱ्याकडे पळतात आणि विषाणूविरोधी गोळ्या सुरू करायचे पहिले तीन दिवस वाया घालवतात. नंतर उरते ती आग. फोड सुकून वर्ष झालं तरी अंगाला सदरा लागू न देणारे आजोबा माझ्याकडे आहेत. कांजिण्या निसर्गतःच झाल्या होत्या त्यांना. नागिणीची लस आता आपल्याकडे मिळते, पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे, हजारांत जाते, आणि ती सगळ्यांना परवडेल असं मी म्हणणार नाही.

फ्लूची लस मात्र बऱ्याच जणांना परवडते. हा विषाणू दरवर्षी पेहराव बदलतो, वहीतलं माप जुनं पडतं, म्हणून दरवर्षी घ्यायची. "घेतली तरी सर्दी झाली" अशी तक्रार येते. होईल. सर्दी करणारे विषाणू दोनशेवर आहेत, आणि खुद्द फ्लूवरही ही लस गोवराच्या लशीइतकी पक्की नाही. मी ती सर्दीसाठी देतच नाही, हृदयासाठी देतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या नोंदींवरून 2018 मध्ये दिसलं की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट होतं. माझे खिळा लागलेले गृहस्थ रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज न चुकता घेतात. ही लस मात्र लहान मुलांची.

न्यूमोनियाच्या लशीचा घोळ असा की तिचे दोन प्रकार आहेत आणि लोक फक्त आकडा बघतात. जुनी, 23 प्रकारच्या जंतूंवरची, नुसत्या साखरेच्या आवरणापासून बनवलेली. साखरेचं आवरण टी पेशींना ओळखता येत नाही, त्यामुळे तिची वही नीट लिहिली जात नाही. दोन वर्षांखालच्या मुलांत तर ती जवळजवळ चालतच नाही. नव्या लशींमध्ये तीच साखर एका प्रथिनाला जोडलेली असते, टी पेशी जाग्या होतात आणि आठवण तयार होते. तेव्हा "23 म्हणजे 13 पेक्षा मोठी" हा हिशोब भाजी बाजारात ठीक आहे.

आता आमचा दोष. फिजिशियन म्हणून मी मधुमेह्याला साखर विचारतो, रक्तदाब मोजतो, पाय बघतो, डोळे तपासायला पाठवतो. लस विचारायला मी स्वतः पन्नाशीच्या आसपास लागलो. आमच्या केस पेपरवर त्यासाठी रकानाच नव्हता. बालरोगतज्ज्ञांनी आपलं काम चोख केलं, आम्ही ती वही पुढे नेली नाही. वर खिळा लागलेल्या प्रत्येकाला, न विचारता, टीटी देत राहिलो, कारण देणं सोपं, समजावणं अवघड. तुमच्या डोक्यातला सहा महिन्यांचा नियम आमच्याच दवाखान्यांतून आला आहे.

लसींना दोष नाहीत असंही नाही. ताप, दंडदुखी नेहमीची. जीवघेणी अ‍ॅलर्जी दहा लाखांत एखाद्याला, म्हणून टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. आणि सगळ्या लसी सारख्या गुणाच्या नाहीत. बीसीजी बाळाला मेंदूच्या टीबीपासून राखते, पण तमिळनाडूत चिंगलपेट इथे 1968 पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रौढांना फुप्फुसाच्या टीबीपासून तिने संरक्षण दिलं नाही. हे आपल्याच शास्त्रज्ञांनी जगाला सांगितलं, लपवलं नाही. उलट लशीने ऑटिझम होतो म्हणणारा 1998 चा निबंध बारा मुलांवरचा होता, 2010 मध्ये तो मासिकाने मागे घेतला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांवर पाहिल्यावरही तसा संबंध आढळला नाही. तो निबंध मात्र मोबाइलवर अजून फिरतोच आहे.

माझ्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण आहे. माझ्या वयाच्या बहुतेकांच्या असतो. माझ्या मुलीच्या दंडावर तो नाही. तिला ती लस घ्यावीच लागली नाही, कारण 1980 मध्ये देवीचा रोग पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर झालं. काढ्याने तो गेला नव्हता.

तेव्हा पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा रिपोर्टच्या फाइलसोबत, असेल तर, लशींचं कार्ड आणा. नसेल तर तसं सांगा, लाजायचं कारण नाही. माझं स्वतःचंही लहानपणचं कार्ड सापडत नाही. टीडीचा आधीचा काहीच पत्ता नसेल तर आज एक, महिन्याने एक, सहा ते बारा महिन्यांनी एक, मग दहा वर्षं सुट्टी. मधला डोस चुकला, वर्ष उलटलं, तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलात तिथून पुढे. वही तोवर शाबूत असते. मुलीचं लग्न ठरलं असेल तर तिला गोवर-रुबेलाची लस झाली आहे का बघा, नसेल तर गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी द्या, कारण ती जिवंत विषाणूची आहे आणि गरोदरपणात चालत नाही. स्टेरॉइड किंवा कॅन्सरची औषधं चालू असतील तर कुठलीही लस घेण्याआधी मला सांगा. आणि खिळा लागला तर आधी साबण आणि वाहतं पाणी, पाच मिनिटं. मग या. तारीख बघून ठरवू.